ट्रेकची सॅक हलकी कशी करायची? मोहोपाडा-कर्जत परिसरातील मुक्कामी डोंगरवाटांसाठी वजनाचा हिशेब

एका दिवसाच्या ट्रेकला पाठीवर काय आहे याचा फारसा फरक पडत नाही. सकाळी चढायचे, दुपारी उतरायचे, संध्याकाळी घर. पण दोन-तीन दिवसांची डोंगरवाट असली की सॅकमधली प्रत्येक वस्तू हजारो पावले वाहावी लागते. पहिल्या दिवशी जड वाटणारी सॅक दुसऱ्या दिवशी खांदे सोलते आणि तिसऱ्या दिवशी उतरणीवर गुडघे बोलू लागतात. थकलेल्या माणसाचा पाय घसरतो, तोल जातो, उशीर होतो आणि अंधार पडतो. म्हणून सॅकचे वजन हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विषय जास्त आहे.

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे रसायनी औद्योगिक पट्ट्यातले बाजाराचे गाव. माणिकगड, कर्नाळा, प्रबळगड आणि इर्शाळगड हे किल्ले याच्या आसपास आहेत. थोडे पुढे कर्जत तालुक्यात गेले की राजमाची, ढाक, कोथळीगड आणि भीमाशंकरच्या वाटा सुरू होतात. या भागातल्या मुक्कामी ट्रेकसाठी सॅक किती जड असावी, काय काढावे आणि काय कधीही काढू नये, ते पाहू.

किती वजन योग्य?

सर्वसाधारण ठोकताळा असा आहे: एका दिवसाच्या ट्रेकला सॅक स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत आणि मुक्कामी ट्रेकला २० टक्क्यांपर्यंत असावी. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीने अन्न आणि पाणी धरून १२ किलोच्या वर जाऊ नये. हा काही नियम नाही. सराव असलेला माणूस जास्तही वाहू शकतो आणि नवख्याला १० किलोही जड जातात. पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळते.

उतरणीवर हा हिशेब अधिक कडक होतो. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. सॅक ८ किलोने हलकी झाली तर गुडघ्याला दर पावलागणिक २० किलोंहून अधिक दिलासा मिळतो. कोंदिवड्याची राजमाचीची वाट किंवा खांडसचा गणेश घाट उतरताना हा फरक लगेच जाणवतो.

वजनाचे तीन भाग

सॅकमधले वजन तीन भागांत मोजावे.

पहिला भाग सामानाचा: सॅक, निवारा, अंथरूण, कपडे, भांडी, औषधे, टॉर्च. ट्रेकर मंडळी याला 'बेस वेट' म्हणतात. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत हे वजन तेवढेच राहते.

दुसरा भाग खाण्याचा. तो रोज कमी होत जातो.

तिसरा भाग पाण्याचा. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो आणि यात हलका ब्रँड मिळत नाही.

सह्याद्रीत ट्रेकरला खरी अडचण पाण्याची येते. हिमालयात बऱ्याच वाटांवर ओढे-झरे बारमाही असतात. इथे पावसाळ्यात धो धो वाहणारे ओढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटतात आणि त्याच वेळी उन्हाचा तडाखा वाढतो. गरज जास्त आणि पाणी कमी, अशी दुहेरी कोंडी होते. पाणी कमी करता येत नाही, म्हणून बाकी सगळे कमी करायचे. सह्याद्रीत सॅक हलकी करण्याचा पहिला हेतू पाण्याला जागा करून देणे हाच असायला हवा.

हलक्या सॅकची कल्पना आली कुठून?

अमेरिकेतील एमा गेटवूड या आजीबाईंनी १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी अॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाट एकटीने पूर्ण केली. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसापासून बचावाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, एवढाच त्यांचा सरंजाम होता. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन यांनी पुस्तके लिहून ही पद्धत लोकप्रिय केली.

महाराष्ट्राला मात्र ही गोष्ट परकी नाही. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला चालणारे वारकरी दिंडीचे जड सामान ट्रकवर देतात आणि स्वतः पताका, टाळ, छोटी पिशवी घेऊन चालतात. धनगराची घोंगडी तर एका वस्तूने अनेक कामे साधण्याचा उत्तम नमुना आहे. ती अंथरायला चालते, पांघरायला चालते आणि डोक्यावरून खोळ करून घेतली की पावसातही चालते. घोंगडी वजनाला हलकी नसते, पण एका वस्तूचे तीन उपयोग हे तत्त्व सॅक भरताना जसेच्या तसे लागू पडते.

प्रत्यक्ष हिशेब: एक डोंगरवाट, दोन सॅक

उदाहरणासाठी या भागातली गाजलेली वाट घेऊ. कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांमार्गे राजमाची, तिथून ढाकच्या बाजूने कुसूर पठारावरून भीमाशंकर आणि शेवटी गणेश घाटाने खांडसला उतरायचे. दोन मुक्काम, तीन दिवस. चालणारी व्यक्ती ६० किलो वजनाची. खालचे आकडे बाजारात मिळणाऱ्या सामानाच्या साधारण वजनावरून घेतले आहेत.

नवखी सॅक अशी भरली जाते:

- ६५ लिटरची सॅक: २ किलो २०० ग्रॅम
- दोघांचा तंबू, सगळा एकाच्या पाठीवर: २ किलो ८०० ग्रॅम
- जाड स्लीपिंग बॅग: १ किलो ६०० ग्रॅम
- कॅरीमॅट: ४०० ग्रॅम
- जीन्स, तीन-चार टी-शर्ट, जाड जर्किन, आंघोळीचा टॉवेल: ३ किलो
- स्टोव्ह, गॅस, पातेले, ताट-वाटी: १ किलो ५०० ग्रॅम
- स्टीलच्या दोन बाटल्या: ८०० ग्रॅम
- मोठी पॉवर बँक, स्पीकर, कॅमेरा, टॉर्च: १ किलो ३०० ग्रॅम
- औषधे, साबण, शाम्पू, किरकोळ: ९०० ग्रॅम

बेरीज १४ किलो ५०० ग्रॅम. त्यात तीन दिवसांचे १ किलो ८०० ग्रॅम खाणे आणि ३ लिटर पाणी धरले की १९ किलो ३०० ग्रॅम होतात. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश.

तीच सॅक विचार करून भरली तर:

- ४५ लिटरची सॅक: १ किलो २०० ग्रॅम
- तोच तंबू, पण दोघांत वाटून: १ किलो ४०० ग्रॅम
- हलकी स्लीपिंग बॅग: ९०० ग्रॅम
- कापून आखूड केलेली मॅट: ३०० ग्रॅम
- मोजके, लवकर वाळणारे कपडे आणि पंचा: १ किलो ३०० ग्रॅम
- डबा, चमचा, पेला: २०० ग्रॅम
- पाण्याच्या प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या: १०० ग्रॅम
- छोटी पॉवर बँक, वायर, हेडटॉर्च: ४०० ग्रॅम
- औषधे, शिटी, किरकोळ: ५०० ग्रॅम

बेरीज ६ किलो ३०० ग्रॅम. खाणे आणि पाणी तेवढेच ठेवले तरी एकूण ११ किलो १०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या १९ टक्क्यांच्या आत. वाचलेले वजन ८ किलो २०० ग्रॅम. पाण्याचा एक थेंबही कमी केलेला नाही.

सर्वात जास्त वजन कशात?

दोन्ही याद्या पाहिल्या तर सॅक, निवारा आणि अंथरूण या तीन गोष्टींतच निम्म्याच्या आसपास वजन आहे. टूथब्रशचा दांडा कापणे, लेबले काढणे असले प्रकार समाजमाध्यमांवर बरेच दिसतात. त्यातून काही ग्रॅम वाचतात. एक तंबू वाटून घेतला की एका फटक्यात सव्वा किलोहून जास्त कमी होते.

सॅक: मोठी सॅक घेतली की ती भरलीच जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. आधी सामान ठरवावे, मग त्याला पुरेल एवढी सॅक निवडावी. मात्र १० किलोंच्या आसपास वजन असेल तर कमरपट्टा असलेलीच सॅक घ्यावी. तो कमरेच्या हाडावर घट्ट बसला की बराचसा भार खांद्यावरून उतरतो.

निवारा: तंबू लागतोच का, हा पहिला प्रश्न. राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत गावकरी जेवणाची आणि राहण्याची सोय करतात. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग असल्याने तिथे मुक्कामाच्या जागा आहेत. दोन्ही रात्री अशा ठिकाणी काढल्या तर तंबूचे १ किलो ४०० ग्रॅमही जातात आणि सामान ४ किलो ९०० ग्रॅमवर येते. दुसरे कारणही महत्त्वाचे आहे. भीमाशंकर परिसर १९८५ पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि शेकरूचे घर आहे. तिथे परवानगीशिवाय जंगलात तंबू ठोकणे किंवा चूल पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो. गावात राहिल्याने पाठ हलकी होते आणि चार पैसे गावाला मिळतात.

अंथरूण: हिमालयासाठी बनवलेली स्लीपिंग बॅग कोकणच्या उन्हाळ्यात निव्वळ ओझे असते. मार्च-एप्रिलमध्ये चादर पुरते. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर चांगली थंडी पडते, तेव्हा हलकी स्लीपिंग बॅग किंवा चादर आणि स्वेटर अशी जोडी घ्यावी. मॅट मात्र सोडू नये, कारण थंडी जमिनीतून जास्त लागते.

कपडे: ओले वजन मोजायला विसरू नका

कोरडी जीन्स ७०० ग्रॅमच्या आसपास भरते. भिजली की वजन बरेच वाढते आणि पावसाळी हवेत ती दोन दिवस वाळत नाही. त्याऐवजी पातळ सिंथेटिक पँट निम्म्या वजनात मिळते आणि तासा-दोन तासांत सुकते. सोपा नियम: एक जोड अंगावर, एक जोड झोपण्यासाठी कोरडा. अंगावरचा ओला झाला तरी सकाळी तोच घालून चालायचे आणि कोरडा जोड जपायचा. मोज्यांचा मात्र एक जोड जास्त असू द्यावा, कारण पायाला फोड आले तर ट्रेक तिथेच संपतो.

आंघोळीच्या जाड टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. तो अंग पुसायला, उन्हात डोक्याला बांधायला, पाणी गाळायला आणि वेळ पडली तर हाताला झोळी म्हणून उपयोगी पडतो. मोहोपाड्याच्या बाजारात कुठल्याही कापडाच्या दुकानात तो मिळतो.

पावसाळ्यात सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिक पिशवी घालून त्यात सामान भरावे. बाहेरच्या कव्हरमधून पाठीच्या बाजूने पाणी शिरते आणि भिजलेले सामान एक-दोन किलो सहज वाढवते.

खाणे: शिजवायचे की नाही?

कर्जतला लोकलने येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेल्वेत गॅस सिलिंडर, रॉकेल यांसारखे ज्वलनशील पदार्थ नेण्यास बंदी आहे. त्यामुळे स्टोव्ह-गॅस घरीच ठेवणे नियमालाही धरून आहे आणि पाठीलाही परवडते. जिथे गाव आहे तिथे गरम भाकरी-पिठले मिळते. मधल्या वाटेसाठी न शिजवता खाता येईल असे पदार्थ न्यावेत.

खाणे निवडताना १०० ग्रॅममागे किती ऊर्जा मिळते ते पाहावे. शेंगदाण्यात साधारण ५६० कॅलरी, सुक्या खोबऱ्यात ६५० च्या आसपास, गुळात ३८० आणि पोह्यांत ३५० असतात. सफरचंदात जेमतेम ५०. फळे वाईट नाहीत, पण त्यांचे बहुतांश वजन पाण्याचे असते. ती पहिल्या दिवशी संपवावीत. शेंगदाण्याची चिक्की, लाडू, खाकरा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्यात कालवायला सातूचे पीठ अशी जोडणी केली तर दिवसाला ६०० ग्रॅममध्ये अडीच हजारांहून जास्त कॅलरी मिळतात. कंपनीच्या पाकिटातल्या 'एनर्जी बार'ची गरज पडत नाही.

पुड्याची खोकी आणि काचेच्या बरण्या घरी ठेवून पदार्थ पिशव्यांत भरावेत. रिकाम्या पिशव्या परत आणायच्या, हे वेगळे सांगायला नको.

पाणी: किती घ्यायचे ते वाट ठरवते

प्रश्न 'किती लिटर न्यायचे' असा विचारू नये. 'पुढचे खात्रीचे पाणी किती तासांवर आहे' असा विचारावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढे वाहते असतात आणि दोन लिटर घेऊन वाटेत भरता येते. उन्हाळ्यात तीन-चार लिटरही कमी पडू शकतात. किल्ल्यांवरची टाकी आटलेली आहेत की भरलेली, हे पायथ्याच्या गावातच कळते. निघण्याआधी एक फोन केला तर दोन किलोचा प्रश्न सुटू शकतो.

उघड्यावरचे पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. त्यांचे वजन नगण्य असते. त्यामुळे वाटेतले पाणी वापरता येते आणि सगळे घरून वाहावे लागत नाही. गोळी टाकल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी पंच्याने गाळावे. सोबत ओआरएसची पाकिटे असावीत. एका लिटरला लागणारे पाकीट २० ग्रॅमच्या आसपास असते आणि उन्हाने कोलमडलेल्या माणसासाठी त्याचे मोल फार मोठे असते.

काय कधीही काढू नये?

वजन कमी करण्याचा नाद लागला की माणूस नको ते काढतो. दोन ट्रेकमध्ये वापरली नाही म्हणून प्रथमोपचाराची पिशवी बाहेर पडते. 'मोबाइलला टॉर्च आहे' म्हणून हेडटॉर्च राहतो. मग वाट चुकते, अंधार पडतो, मोबाइलची बॅटरी संपते आणि मदतीला फोनही लागत नाही.

या गोष्टी प्रत्येकाच्या सॅकमध्ये हव्यात: पुरेसे पाणी, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिटी, मूलभूत औषधे आणि रोलर बँडेज, स्वतःची नेहमीची औषधे, अंगावर घेता येईल असे प्लॅस्टिक किंवा रेनकोट, एका वेळचे जादा खाणे. हे सगळे मिळून पाण्याव्यतिरिक्त किलो-सव्वा किलोत बसते.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेत असलेली कुटुंबे गाडली गेली. अतिवृष्टीच्या दिवसांत डोंगरउतारावर किंवा ओढ्याकाठी मुक्काम करणे किती धोक्याचे आहे, हे या परिसराला सांगावे लागत नाही. हलका तंबू घेतला म्हणून कुठेही झोपता येते, असा समज करून घेऊ नये. पावसाळ्यात प्रशासन काही किल्ले आणि धबधब्यांवर बंदी घालते, तीही आधी तपासावी.

अडचण आलीच तर ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. या भागात खोपोलीची यशवंती हायकर्स आणि लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र या संस्थांचे स्वयंसेवक शोध-बचावाचे काम करतात. त्यांना डोंगरात यावे लागू नये, अशी तयारी करणे हे ट्रेकरचे काम.

सॅक भरायची कशी?

एकच वजन चुकीच्या जागी ठेवले तर जास्त जड वाटते. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि खाणे, पाठीला चिकटून मधल्या उंचीवर ठेवाव्यात. अंथरूण आणि कपडे तळाशी. रेनकोट, टॉर्च, औषधे वरच्या कप्प्यात. बाहेर लटकणारे मग, चप्पल, बाटल्या टाळाव्यात. त्या तोल घालवतात आणि करवंदीच्या जाळीत अडकतात.

गटाने जाताना सामायिक वस्तूंची यादी आधी करावी. सहा जणांच्या गटात सहा चाकू, सहा मोठ्या पॉवर बँका आणि सहा ओडोमॉसच्या ट्यूब निघतात, हे नेहमीचेच चित्र. आणि हो, गावातला वाटाड्या वाट दाखवायला येतो. त्याच्या पाठीवर स्वतःची सॅक देणे म्हणजे वजन कमी करणे नव्हे. सामान उचलण्यासाठी माणूस हवा असेल तर ते आधी ठरवून योग्य मोबदला द्यावा.

पैसे न खर्चता सुरुवात कुठून?

पहिली पायरी फुकट आहे: प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन कागदावर लिहावे. बहुतेकांना धक्का स्पीकर, बाटल्या आणि कपड्यांचा बसतो. दुसरी पायरी स्वस्त आहे: स्टीलच्या बाटलीऐवजी प्लॅस्टिकची, टॉवेलऐवजी पंचा. या दोन पायऱ्यांतच कित्येक किलो जातात. महागडी सॅक आणि हलका तंबू ही तिसरी पायरी. ती वर्षाला एखादा ट्रेक करणाऱ्याने न चढलेलीच बरी, कारण भाड्यानेही सामान मिळते.

मोठ्या वाटेला जाण्यापूर्वी भरलेली सॅक घेऊन एक दिवसाची चाचणी करावी. मोहोपाडा-रसायनीच्या लोकांना त्यासाठी वाशिवलीहून चढणारा माणिकगड घराजवळच आहे. परत आल्यावर सॅक रिकामी करून तीन ढीग करावेत: रोज वापरलेले, एकदा वापरलेले आणि अजिबात न वापरलेले. तिसऱ्या ढिगातून औषधे, शिटी, टॉर्च आणि रेनकोट उचलून परत सॅकमध्ये ठेवावेत. उरलेले पुढच्या वेळी घरी ठेवावे आणि त्या जागी पाण्याची एक बाटली जास्त घ्यावी.